गळ्यातली विद्या पुस्तकात आली

बी-बियाणे नि खते यांविषयी आपण नेहमीच बोलतो. आज थोडे गाण्याविषयी. गावची मुले पेटी-तबल्याच्या ‘प्रारंभिक’, ‘प्रवेशिका’ अशा परीक्षा देतात. त्या आल्या कुठून?

पूर्वी गाणे शिकायचे म्हणजे गुरूच्या घरी राहायचे, पडेल ते काम करायचे आणि बुवांची मर्जी होईल तेव्हा एखादी चीज पदरात पडायची. कुरुंदवाडला १८७२ साली जन्मलेल्या विष्णु दिगंबर पलुस्करांचे डोळे लहानपणी फटाक्याने अधू झाले. मग ते मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकले. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. तिथे वर्ग, ठरलेला अभ्यासक्रम, परीक्षा, सारे शाळेसारखे. शिकवायला पुस्तके हवीत, म्हणून बुवांनी स्वर लिहिण्याची पद्धत बसवली आणि पुस्तके छापली. १९०८ साली मुंबईत विद्यालय निघाले. पुढे तिथली इमारत कर्जापायी गेली. सावकाराचा तगादा काय असतो, हे तुम्हांला मी काय सांगावे! १९३१ साली बुवा वारले. त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापले. मुले परीक्षा देतात ती बहुधा याच मंडळाची.

दुसरे विष्णु म्हणजे वकील विष्णु नारायण भातखंडे. उस्तादांनी जपून ठेवलेल्या चिजा मिळवून त्यांनी ‘क्रमिक पुस्तक मालिका’ सहा भागांत काढली, तीही मराठीत. खुणा सोप्या आहेत. स्वराखाली आडवी रेघ असली की तो कोमल, ‘म’वर उभी रेघ असली की तीव्र. टिंब खाली तर खालचे सप्तक, वर तर वरचे. भजनी मंडळातल्या कोणालाही चार दिवसांत वाचता येतील.

प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात परीक्षा आहेत; त्यापुढे अलंकार. २०१७ साली शासनाने शास्त्रीय कलांच्या परीक्षांसाठी दहावीला वाढीव गुणांची सोय केली, तेव्हापासून गर्दी वाढली. गुणांसाठी पोर बसले तरी माझी हरकत नाही. निदान रोज तासभर स्वर तरी लावते. मात्र नुसत्या पुस्तकावर भागत नाही. कोमल गांधार कागदावर दिसतो, पण कानाला तो गुरूच दाखवतो. तेव्हा फॉर्म भरण्याआधी शिकवणाऱ्याचे गाणे एकदा ऐकून या. पाठ्यपुस्तक कोणते, हेही त्यांनाच विचारा, कारण दोघा विष्णूंच्या खुणा सारख्या नाहीत.