उशिरा उपसलेली तलवार

वाशीमच्या विणकरांचं कापड एका तहाच्या कलमात नोंदलं गेलं आहे. १७६९ साली माधवराव पेशवे आणि नागपूरकर जानोजी भोसले यांच्यात कनकापूरचा तह झाला, तेव्हा वाशीम आणि बाळापूरला विणलेलं पाच हजार रुपयांचं कापड भोसल्यांनी पेशव्यांना दरसाल द्यावं, असं ठरलं. पुढे ३४ वर्षांनी दुसऱ्या एका तहात हे कापड विणणारा मुलूखच भोसल्यांच्या हातून गेला. युद्धापासून दूर राहणारी सत्ता शेवटी युद्धात का उतरते, हे समजून घ्यायला वऱ्हाडाबाहेर जायची गरज नाही.

पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात नाना फडणीसांनी निजाम, हैदरअली आणि नागपूरकर यांना एकत्र बांधलं. मुधोजी भोसल्यांची फौज बंगालच्या रोखाने कटकपर्यंत गेलीही. पण वॉरन हेस्टिंग्जने पैसा मोजला आणि ती बंगालवर तुटून पडलीच नाही. नागपूरच्या दृष्टीने हिशेब सरळ होता : पुण्याच्या लढाईत आपलं रक्त कशाला सांडायचं?

दूर राहण्याची किंमत निजामाने मोजली, पण ती दुसऱ्याच्या दूर राहण्याची. १७९५ मध्ये खर्ड्याला मराठ्यांनी त्याला गाठलं, तेव्हा इंग्रज तटस्थ राहिले. त्या पराभवानंतर तीनच वर्षांत तो इंग्रजांच्या तैनाती फौजेखाली गेला.

३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला आणि नागपूरचा जुना हिशेब मोडला. छत्रपतींचा पेशवाच इंग्रजी फौजेच्या आश्रयाला गेल्यावर मराठी राज्यात भोसल्यांचं स्थान उरणार कुठे? नागपूरचे दुसरे रघूजी भोसले दौलतराव शिंद्यांना मिळाले. दोघांच्या फौजा निजामाच्या सरहद्दीजवळ उभ्या होत्या. त्या मागे घ्या, असा इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीचा आग्रह होता. मागे हटणं म्हणजे वसईचा तह मान्य करणं. ऑगस्ट १८०३ मध्ये युद्ध पेटलं.

यशवंतराव होळकर मात्र माळव्यात थांबले. आदल्याच वर्षी हडपसरला त्यांनी शिंदे-पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला होता. ते वैर ताजं होतं. २३ सप्टेंबरला असई, २९ नोव्हेंबरला आजच्या अकोला जिल्ह्यातलं अडगाव, १५ डिसेंबरला गाविलगड. शिंदे-भोसले एकामागून एक हरत गेले. १७ डिसेंबरच्या देवगावच्या तहाने कटक इंग्रजांकडे आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड, वाशीमसह, निजामाकडे गेला. भोसल्यांकडे गाविलगड, नरनाळा आणि लगतचा थोडा मुलूख राहिला. होळकर १८०४ मध्ये लढाईत उतरले, तेव्हा शिंदे आणि भोसले दोघेही तहाने बांधले गेले होते. मुकुंदऱ्याच्या खिंडीतून कर्नल मॉन्सनला त्यांनी पिटाळलं. तरी १८०५ च्या अखेरीस त्यांनाही तह करावा लागला.

पुढच्या शतकात हीच कारणं वेगळ्या वेशात दिसतात. इटलीने १९१५ मध्ये लंडनच्या गुप्त करारात मुलखाचं आश्वासन घेतलं आणि महिनाभरात ऑस्ट्रियाविरुद्ध युद्ध पुकारलं. तिथे लाभाने ओढलं. अमेरिका १९१७ मध्ये उतरली ती जर्मन पाणबुड्यांनी व्यापारी जहाजं बुडवल्यावर, मेक्सिकोला चिथावणारी जर्मन तार उघड झाल्यावर. तिथे भयाने आणि अपमानाने. नागपूरला दोन्ही होतं : गादीचा मान आणि मुलखाची भीती.

म्हणून नागपूरची चूक दूर राहण्यात होती, असं मला वाटत नाही. तटस्थतेने त्यांना वीस वर्षं मिळवून दिली. त्या वीस वर्षांत मराठी सरदारांनी आपसांत एकमेकांना धरून राहण्याचा करार केला नाही. उलट वैरं वाढवली. युद्ध दारात आलं, तेव्हा सगळे एकाच वेळी उतरले नाहीत आणि वेगवेगळे गाठले गेले. या हिशेबात वाशीमच्या शेतकऱ्याला आणि विणकराला कोणी विचारलं नव्हतं. त्यांचा मुलूख आधी निजामाकडे आणि १८५३ मध्ये इंग्रजांच्या कारभारात गेला. आजही ‘हे युद्ध आपलं नाही’ असं एखादं सरकार म्हणतं, तेव्हा मला वाटतं, त्याने त्याच दिवशी शेजाऱ्याशी बोलायला बसावं.