रस्त्याने वर, बर्फावरून खाली

बर्थुड खिंडीची १९४०च्या आगेमागेची कृष्णधवल छायाचित्रे पाहताना माझी नजर बर्फापेक्षा रस्त्याकडेच्या मोटारींवरच जास्त रेंगाळते. गोल पाठीच्या काळ्या गाड्या, त्यांच्यामागे झाडी तोडून मोकळा केलेला पांढरा उतार. या खिंडीची निम्मी गोष्ट त्या गाड्यांत आहे.

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात, डेन्व्हरच्या पश्चिमेला, ११,३०७ फुटांवर ही खिंड आहे. अख्ख्या खंडाचे पाणी जिथे दुभंगते ती धार इथून जाते. दक्षिण उतारावरचे बर्फ वितळले की क्लिअर क्रीकमधून वाहत शेवटी मिसिसिपीला मिळते, उत्तरेकडचे फ्रेझरमधून कोलोरॅडो नदीला. १८६१ मध्ये अभियंता एडवर्ड बर्थुड हा जिम ब्रिजर या मुरलेल्या वाटाड्याबरोबर रेल्वेसाठी वाट शोधत इथे आला. चढ आगगाडीला झेपणारा नव्हता. पुढे १८७४ मध्ये घोडागाड्यांचा रस्ता झाला, मग मोटारींचा. रेल्वे १९२८ मध्ये दुसरीकडूनच, मॉफट बोगद्यातून, डोंगराच्या पोटातून गेली.

बर्फ उपसून हा घाट हिवाळ्यातही खुला ठेवला जाऊ लागला आणि डेन्व्हरची हौशी मंडळी इथे लोटली. माथ्यावर गाडीतून उतरायचे, लाकडी स्की पायांना बांधायच्या आणि झाडांमधून खाली सुटायचे. नागमोडी वळणे घेत तोच रस्ता खाली पुन्हा भेटायचा. तिथे सोबत्यांपैकी कुणी गाडी घेऊन थांबलेला असायचा, नाहीतर येणाऱ्या गाडीला हात करायचा. घाटरस्ता हीच लिफ्ट! इतकी साधी आणि इतकी देखणी व्यवस्था मला दुसऱ्या कुठल्या खेळात दिसलेली नाही.

७ फेब्रुवारी १९३७ रोजी इथे दोराची ओढ सुरू झाली. कोलोरॅडोतल्या अशा पहिल्यावहिल्या यंत्रांपैकी ते एक. रचना अगदी उघडीवाघडी: फोर्डचे व्ही-८ इंजिन, चाकांवरून अखंड फिरणारा जाड दोर, आणि तो दोन्ही हातांनी धरून उतारावर ओढली जाणारी माणसे. पकड एकदम घट्ट केली तर खांद्याला हिसका बसे, म्हणून दोर आधी मुठीतून सरकू द्यायचा आणि मग हळूहळू आवळायचा. त्यात हातमोजे झिजून जात. ओला दोर जड होई, आणि मुलांना तर तो पेलणेच कठीण.

१९४७ मध्ये सॅम हंटिंग्टन यांनी दोघांना शेजारीशेजारी बसून वर जाता येईल अशी चेअरलिफ्ट उभारली. जगातल्या अगदी सुरुवातीच्या दुहेरी खुर्च्यांमध्ये तिची गणना होते. पुढची कहाणी थोडक्यात सांगण्यासारखीच आहे. मालक बदलत गेले, जवळच विंटर पार्कसारखी मोठी केंद्रे वाढली, आणि २००१ मध्ये इथल्या लिफ्ट थांबल्या त्या कायमच्या. यंत्रे उतरवली गेली, २००५ मध्ये माथ्यावरची जुनी इमारतही पाडली.

स्की करणारे मात्र गेले नाहीत. आता तिकीट नाही, उतार तपासून देणारे पथक नाही. हिमकडा कोसळण्याचा धोका ज्याचा त्याने ओळखायचा; पाठीवर फावडे आणि अंगावर संदेशयंत्र बांधूनच जाणती माणसे उतरतात. त्यामुळे आजची बर्थुड खिंड १९९०च्या रंगीत छायाचित्रांपेक्षा त्या जुन्या कृष्णधवल चित्रांच्या अधिक जवळची वाटते. भरपूर बर्फ पडलेल्या सकाळी खालच्या वळणावर आजही स्की खांद्यावर टाकून कुणीतरी उभे असते, वर जाणाऱ्या गाडीला हात करत.