एका मॅचचा सीझन

थेरगाव म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? डांगे चौकातलं ट्रॅफिक, केजुदेवीचा बोट क्लब आणि पाठीवर किट बॅग लटकवून वेंगसरकर अकादमीकडे निघालेली पोरं. ऋतुराज गायकवाड याच अकादमीत घडला, त्यामुळे आपल्याकडे किट बॅगवाल्या पोराकडे लोक जरा आदरानेच बघतात. पण संध्याकाळी त्याच रस्त्यावरून गुडघ्यापर्यंत मोजे ओढलेला, बुटांची पिशवी गाडीच्या हँडलला अडकवलेला एखादा जाताना पाहिलाय? तो फुटबॉलवाला. त्याला कोणी काही विचारत नाही. विचारलंच तर एवढंच, ‘आर्सेनल की मँचेस्टर?’

या फुटबॉलवाल्याचा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस आता जवळ आलाय. गणपती गेले, ढोल-ताशा पथकांचा सराव संपून मैदानं मोकळी झाली आणि कॉलेजांच्या जिमखान्यात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची धावपळ सुरू झाली. तुमच्या कॉलेजची टीम असेल तर तिची पहिली मॅच येत्या काही दिवसांत असेल. तुम्ही म्हणाल, पहिलीच तर मॅच आहे, त्यात एवढं काय? इथेच थोडं गणित करा.

ही स्पर्धा साधारणपणे नॉकआउट असते. हरलात की घरी. समजा ३२ कॉलेजांच्या टीम उतरल्या, तर पहिल्या फेरीतच १६ टीमचं वर्ष संपतं. जी टीम चषक उचलते तीसुद्धा जेमतेम पाच मॅच खेळते. शनिवार-रविवार तुम्ही ज्या प्रीमियर लीगसाठी जागता, तिथे प्रत्येक क्लबला सीझनमध्ये ३८ मॅच मिळतात. ऑगस्टमध्ये तीन हरलात तर सावरायला मे महिन्यापर्यंत वेळ असतो. आपल्या पोरांना तो चान्सच नाही. निम्म्या टीमसाठी पहिली मॅच म्हणजेच अख्खा सीझन! त्यातही वेळ कमी पडतोय म्हणून हाफ छोटे केले, तर तासाभरात सगळा खेळ खल्लास.

आणि प्रश्न फक्त चषकाचा नसतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात पुणे शहर, पुणे जिल्हा, अहिल्यानगर आणि नाशिक असे विभाग आहेत. कॉलेजांच्या मॅच बघून विभागाची टीम निवडतात. मग विभाग एकमेकांशी भिडतात आणि त्यातून विद्यापीठाची टीम ठरते. ती पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जाते, तिथे चमकली तर अखिल भारतीय स्पर्धेला. अखिल भारतीय स्पर्धेच्या चषकाला सर आशुतोष मुखर्जी यांचं नाव आहे आणि त्यावर केरळच्या कालिकत विद्यापीठाने वर्षानुवर्षं हक्क सांगितलाय. त्याच्याही पुढे २०२० मध्ये भुवनेश्वरला सुरू झालेल्या खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्स आहेत. म्हणजे शिडी आहे, अगदी व्यवस्थित आहे. फक्त तिची पहिली पायरी चिखलाच्या मैदानावर, एका दुपारी, एकदाच मिळते.

हरलेल्या टीममधलाही एखादा खेळाडू विभागाच्या टीममध्ये निवडला जाऊ शकतो, हे खरं. पण तुम्ही पहिल्याच फेरीत बाहेर पडलात तर निवड समितीने तुम्हाला बघितलं किती? तासभर. त्यातही तुम्ही डावे बॅक असाल आणि समोरच्या टीमने सगळे हल्ले दुसऱ्या बाजूने केले, तर पायाला बॉल लागणार किती वेळा? स्ट्रायकरचा एक गोल सगळ्यांच्या लक्षात राहतो. बॅकने वेळेवर जागा धरली म्हणून जो गोल झालाच नाही, तो कागदावर कुठे येतो?

या पहिल्या पायरीला आज एवढं वजन का आलं, ते समजायला थोडं मागे जाऊ. थेरगावहून वाकडमार्गे बालेवाडी किती लांब आहे? फार तर अर्धा तास, तोही ट्रॅफिक धरून. तिथलं शिवछत्रपती क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभं राहिलं. पुणे एफसी २००७ मध्ये सुरू झाला आणि २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये थेट दुसऱ्या नंबरावर आला. २०१४ मध्ये आयएसएल आलं आणि एफसी पुणे सिटीच्या मॅचला आपल्याकडची पोरं बाइकवरून बालेवाडीला जायची. नंतर पुणे एफसी बंद पडला. २०१९ मध्ये पुणे सिटीही गेला आणि त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली. त्याच हैदराबादने २०२१-२२ चं आयएसएल जिंकलं. आपण टीव्हीवर बघितलं, बस्स.

क्लब गेला की फक्त तिकीट आणि जर्सी जात नाही. क्लबची अकादमी जाते, ट्रायल जातात, ‘अमुक ठिकाणी जाऊन दाखव रे’ म्हणायची सोयच जाते. कोल्हापूरचा अनिकेत जाधव लहानपणीच पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत आला आणि २०१७ मध्ये भारताकडून १७ वर्षांखालील वर्ल्ड कप खेळला. पण ज्याला बाराव्या-तेराव्या वर्षी कोणी हेरलं नाही, जो अकरावीत पोहोचल्यावर नीट फुटबॉल खेळायला लागला, त्याचं काय? त्याच्यासाठी जिल्हा संघटनेची लीग आहे आणि दुसरं दार म्हणजे कॉलेज. उशिरा आलेल्याला काहीच मिळत नाही असंही नाही. सहल अब्दुल समद केरळमधल्या कन्नूरच्या कॉलेज फुटबॉलमधून वर आला आणि भारतीय टीमपर्यंत पोहोचला. पण तिथे कॉलेजच्या मॅचला गर्दी असते. आपल्याकडे टचलाइनवर राखीव खेळाडू, दोन मित्र आणि एखादा कुत्रा.

आपल्या पट्ट्यात आणखी एक गोष्ट आहे. माझा एक मित्र शेवटच्या वर्षाला आहे आणि तो डावा बॅकच खेळतो (वरचं गाऱ्हाणं त्याचंच). परीक्षा झाली की त्याला चाकणला अप्रेंटिस म्हणून लागायचंय. आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी वयाची मर्यादा २५ आहे, म्हणजे कागदावर त्याच्याकडे अजून तीन वर्षं आहेत. पण सकाळची शिफ्ट कागद बघत नाही. पहिल्या शिफ्टची बस पहाटे येते, दुसरी शिफ्ट संपेपर्यंत रात्र झालेली असते, मग सराव कधी करायचा? चिंचवड, भोसरी, चाकणमधल्या कितीतरी पोरांचा फुटबॉल असाच, न दुखापत होता, न हरता थांबतो. घरच्यांचंही चुकत नाही हो. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे हे त्यांनाही माहीत असतं. पण त्यासाठी लागणारं मोठ्या पातळीचं प्रमाणपत्र त्या शिडीच्या वरच्या पायऱ्यांवर मिळतं आणि शिडी सुरू होते ती या मॅचपासून.

मुलींची कथा आणखी कठीण. कित्येक कॉलेजांत मुलींच्या टीमला अकरा जणी जमवण्यापासून सुरुवात होते. मग कबड्डीवाल्या दोघी येतात, हँडबॉलवाली गोलकीपर होते, कोणीतरी मैत्रिणीला ओढून आणतं. २०२२ मध्ये महिलांच्या आशियाई चषकाच्या मॅच याच बालेवाडीत झाल्या. सेमीफायनलला चीनने जपानला पेनल्टीवर हरवलं तेही इथेच. आशियातलं सर्वोत्तम फुटबॉल आपल्या दारात आणि आपल्या कॉलेजात अकरावी मुलगी मिळत नाही, हे कोडं मला काही सुटत नाही.

तयारीचं म्हणाल तर मॅचच्या आधीचे दिवस अर्धे कागदपत्रांतच जातात. बारावीची मार्कशीट, फी भरल्याची पावती, आयकार्ड, फोटो, प्राचार्यांची सही. एक कागद राहिला की चांगला खेळाडू बाहेर बसतो. त्यातच अटेंडन्स, सबमिशन आणि इंटर्नल परीक्षा. क्रीडा शिक्षक एकच, खेळ दहा. तेच फॉर्म भरतात, तेच ड्रॉ आणतात, जखमेवर स्प्रेही तेच मारतात. टीम दोन वर्षं सलग पहिल्या फेरीत गारद झाली की बॉल आणि जर्सीच्या खर्चाला मंजुरी मिळवताना त्यांनाच बोलणी बसतात. म्हणजे उद्या जो बारावीतून कॉलेजात येणार आहे, त्याला टीम मिळणार की नाही, हेही थोडंफार या तासाभरात ठरतं.

तर ड्रॉ जिमखान्याच्या बोर्डावर लागतो, नाहीतर टीमच्या कॅप्टनला विचारा, तो आनंदाने सांगेल. लेक्चर बुडवा असं मी छापील सांगू शकत नाही, पण बऱ्याच मॅच दुपारच्या असतात. गोलमागे उभे राहू नका, एका बाजूच्या टचलाइनला थांबा आणि थोडा वेळ बॉल सोडून नुसतं डाव्या बॅककडे बघा. पाण्याच्या दोन बाटल्या जास्तीच्या घ्या. मैदानावर पाणी मिळेलच असं नाही आणि हाफटाइमला टीमलाही कमी पडतं.