चार तासांत एक मासा

कर्नाटकात कावेरीच्या काठी गालिबोर नावाचे ठिकाण आहे. तिथे गळाने महसीर धरायला देशोदेशीचे शौकीन येत. धरलेला मासा वजन करून पुन्हा नदीत सोडायचा, अशी तिथली रीत होती. कोण किती तास बसले, काय लागले, केवढे लागले, याची वहीही ठेवली जाई. 1998 ते 2012 या काळातल्या या नोंदी पुढे मत्स्यशास्त्रज्ञांनी तपासल्या. एकूण 23,620 तासांची मासेमारी आणि 6,161 मासे. सर्वांत लहान मासा अर्ध्या किलोच्या आतला, सर्वांत मोठा 46.8 किलोचा. भागाकार केला तर एका माशामागे जवळजवळ चार तास पडतात. चार तास पाण्याकडे नजर लावून बसायचे आणि हाती आलेला मासाही घरी न्यायचा नाही. तरी माणसे पदरचे पैसे खर्चून येत राहिली. त्यांच्या त्या दिवसात समाधान नेमके कशाचे होते, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. मेंदूविज्ञान, मानसशास्त्र आणि मत्स्यव्यवस्थापन या तिन्ही शाखांनी तो गांभीर्याने घेतला आहे.

थेट विचारले तर बहुतेक जण सांगतात की मासा हे निमित्त आहे. खरी ओढ पाण्याची, शांततेची, सोबत्यांची. अमेरिकेत आणि युरोपात गेली पन्नास वर्षे झालेल्या पाहण्यांत हेच उत्तर पुन्हा पुन्हा आले आहे आणि ते खोटे मानायचे कारण नाही. ब्रिटनमध्ये वीस हजारांहून अधिक लोकांच्या मोबाइलवर दिवसातून अधूनमधून ‘आत्ता किती आनंदात आहात’ असे विचारून दहा लाखांहून अधिक उत्तरे जमवली गेली. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात आनंद देणाऱ्या ठिकाणांत समुद्रकाठ सर्वांत वरच्या क्रमांकावर होता. पण बर्लिनचे मत्स्यशास्त्रज्ञ रॉबर्ट आर्लिंगहाउस यांनी 2006 मध्ये जर्मन हौशी मासेमारांच्या पाहणीतून एक विसंगती पुढे आणली. ‘मासा महत्त्वाचा नाही’ म्हणणाऱ्यांचेही समाधान शेवटी पकडीवरच हेलकावे खात होते. मासा लागला की वर, नाही लागला की खाली. मग ही माणसे स्वतःला फसवत होती का? मला तसे वाटत नाही. वारा, पाणी, निवांतपणा या गोष्टी गेल्या फेरीला मिळाल्या तशा याही फेरीला मिळतात. जे दर वेळी मिळतेच, त्याने एक दिवस दुसऱ्यापेक्षा वेगळा ठरत नाही. दोन दिवसांतला फरक पडतो तो ज्याची खात्री नाही अशा गोष्टीमुळे, आणि त्या सगळ्या चित्रात खात्री नसलेली गोष्ट एकच, ती म्हणजे मासा. घरातून बाहेर काढते ते पाणी, पण दिवस चांगला गेला की वाईट हे ठरवते अनिश्चितता. ती कशा प्रकारची अनिश्चितता असते, यावर पुढचे सारे अवलंबून आहे.

खात्री नसण्याचे मेंदूत काय होते, हे मेंदूशास्त्रज्ञ वुल्फ्रम शुल्ट्झ यांच्या माकडांवरच्या प्रयोगांतून उलगडले. माकडाला अचानक फळाच्या रसाचा थेंब मिळाला की डोपामाइन स्रवणाऱ्या चेतापेशी उसळतात. दिवा लागल्यावर रस येतो हे माकडाला कळले की उसळी दिव्याकडे सरकते आणि रस येतो तेव्हा पेशी शांत राहतात. दिवा लागूनही रस आला नाही तर त्यांचा नेहमीचा ठेकाही मंदावतो. म्हणजे या पेशी बक्षिसाची नोंद घेत नाहीत, बक्षीस आणि अंदाज यांच्यातली तफावत मोजतात. 2003 मध्ये शुल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी त्यापुढची गोष्ट दाखवली. खूण दिसल्यापासून रस मिळेपर्यंतच्या मधल्या काळात या पेशी हळूहळू चढत्या सक्रियतेने जाग्या राहतात आणि ही चढण सर्वांत उंच असते ती रस मिळण्याची शक्यता निम्मी-निम्मी असताना. खात्रीने मिळणार असेल किंवा खात्रीने मिळणार नसेल, तर ती जवळपास सपाटच. माकडाच्या रसापासून खडकावर बसलेल्या माणसापर्यंतची उडी मोठी आहे, ती जपूनच मारायला हवी. तरी दोरी बोटावर घेऊन बसलेल्याचे ते बारीक, न थकणारे ताटकळणे इथे ओळखीचे वाटते. बाहेरून पाहणाऱ्याला जे चार रिकामे तास दिसतात, ते आतून रिकामे नसतात.

माणसांवरचा पुरावाही आहे. लंडनमध्ये रॉब रटलेज आणि सहकाऱ्यांनी लोकांना छोट्या जोखमीचे डाव खेळायला दिले आणि मधूनमधून ‘आत्ता कसे वाटते’ हे विचारले. आधी प्रयोगशाळेत 26 जण, मग मोबाइलवरच्या खेळातून 18,420 जण. 2014 मध्ये आलेला निष्कर्ष असा की क्षणोक्षणीचा आनंद एकूण कमाईवर ठरत नाही, अपेक्षेपेक्षा किती बरे झाले यावर ठरतो. त्यातून कुणी असा अर्थ काढील की अपेक्षाच ठेवू नये. पण त्याच अभ्यासात चांगल्या अपेक्षेनेही मन वर उचललेले दिसले, निकाल लागण्याच्या आधीच. आदल्या रात्री दोरीची गुंतवळ सोडवणे, गरी पाजवणे, आमिषासाठी कोळंबी जमवणे हे म्हणूनच त्या दिवसाचाच भाग असते. दिवस संपल्यावर काय लक्षात राहते याबद्दल डॅनियल कानेमान यांचे काम सांगते की आठवण सगळ्या तासांची सरासरी काढत नाही. ती सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट धरून ठेवते. दोरीला बसलेला एक जोरदार ओढा आठ तासांच्या वजनाला पुरून उरतो तो असा.

इथे एक गंभीर आक्षेप उभा राहतो. हे सगळे वर्णन जुगारालाही लागू पडते. बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर दाखवून दिले होते की बक्षीस कितव्या टोच्याला मिळेल याचा नेम नसला की कबूतर सर्वांत चिकाटीने टोचत राहते, आणि नाणी टाकून खेळायची जुगाराची यंत्रे याच तत्त्वावर माणसाला खिळवून ठेवतात. मग गळ टाकून बसणारा आणि यंत्रासमोर बसणारा यांच्यात फरक काय? माझ्या मते फरक मूलभूत आहे. यंत्रासमोर दहा वर्षे बसले तरी त्याच्याविषयी उपयोगाचे असे काही शिकता येत नाही, कारण त्यात शिकण्यासारखे काही ठेवलेलेच नसते. पाण्यात असते. कोकणात गळाने मासे धरण्याला गरवणे हे वेगळे क्रियापद आहे, आणि चांगला गरवणारा नुसता बसत नाही, तो पाणी वाचतो. अमावास्या-पौर्णिमेचे उधाणाचे पाणी वेगळे, अष्टमीच्या आसपासचे भांगाचे पाणी वेगळे. भरतीची वेळ काढायला आपल्याकडे पाऊणकीचा हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. या हिशेबात भरती रोज 45 मिनिटांनी पुढे सरकते. खगोलशास्त्र सरासरी सुमारे 50 मिनिटे सांगते. पाटी-पेन्सिलीशिवाय करायच्या गणिताला एवढा फरक क्षम्य आहे. मग पुढचे प्रश्न येतात. तांबोसा खडकाच्या कपारीत किंवा खारफुटीच्या मुळांत दबा धरतो, मग आमिष तिथवर कसे पोचवायचे? जिताडा खाडीच्या तोंडाशी येतो तो पाणी चढताना की उतरताना? गढूळ पाण्यात काय चालते? दर वेळी टाकलेला गळ हा एक अंदाज असतो आणि मासा लागणे किंवा न लागणे हे त्याचे उत्तर. न लागणेही उत्तरच आहे. इथे चूक जागा होती, की वेळ, की आमिष, हे ते सुचवते आणि पुढचा गळ थोडा शहाणा होतो.

ही नुसती कविकल्पना नाही, याला आधार आहे. बास्टियन ब्लेन आणि रटलेज यांनी 2020 मध्ये केलेल्या अभ्यासात शक्यता सतत बदलत होत्या आणि खेळणाऱ्याला कोणता पर्याय जिंकण्याची शक्यता अधिक आहे हे शिकत जावे लागत होते. बक्षिसाचा आकडा मात्र आधीच समोर दिसत होता. अशा वेळी लोकांच्या मनःस्थितीवर बक्षीस केवढे आहे याचा फरक पडला नाही. फरक पडला तो त्या निकालातून किती शिकायला मिळाले याचा. दुसरा पुरावा प्रयोगशाळेबाहेरचा आहे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ हॉब्सन ब्रायन यांनी 1977 मध्ये ट्राउट मासा धरणाऱ्यांची पाहणी केली. नवखा माणूस कसाही, कोणताही मासा लागावा म्हणतो. मग त्याला जास्त मासे हवे असतात, मग मोठे. पण मुरलेला माणूस आपली साधने हलकी करत जातो, जिवंत आमिष सोडून पिसांची कृत्रिम माशी बांधतो, अवघड पाण्यावर जातो. म्हणजे अनुभव वाढला की तो स्वतःहून काम कठीण करून घेतो. समाधान माशांच्या संख्येत असते तर त्याने जाळे घेतले असते. हातातले कौशल्य आणि समोरची अनिश्चितता यांचा तोल राखायला तो धडपडत असतो, कारण उत्तर आधीच माहीत झाले तर प्रश्न विचारण्यात अर्थ उरत नाही.

यावर दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. ही सारी चर्चा पोट भरलेल्यांची झाली. ज्याची चूल माशावर पेटते, त्याला अनिश्चिततेचे कसले कौतुक? हा आक्षेप मी बऱ्याच अंशी मान्य करतो. मानववंशशास्त्रज्ञ मॅलिनोव्स्की यांनी ट्रोब्रियांड बेटांवर पाहिले की खाजणातल्या शांत, खात्रीच्या मासेमारीला मंत्रतंत्र लागत नव्हते आणि खुल्या समुद्रातल्या धोक्याच्या मासेमारीला ते पदोपदी लागत होते. जीव आणि घर पणाला लागले की अनिश्चितता भीती होते. आपल्याकडे नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहणाऱ्या हातांना हे सांगावे लागत नाही. पण एवढ्यावर गोष्ट संपत नाही. रिचर्ड पोलनॅक आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये इंडोनेशिया, फिलिपिन्स आणि व्हिएतनाममधल्या मच्छीमारांविषयी लिहिले, तेव्हा बहुसंख्यांना आपले काम आवडत असल्याचे आणि मिळकत तेवढीच राहणार असेल तर दुसऱ्या धंद्यात जायला थोडेच तयार असल्याचे आढळले. साहस, आव्हान, स्वतःच्या कौशल्याचा अभिमान तिथेही होता. फक्त हे सगळे टिकावे यासाठी नुकसान सोसण्याजोगे असावे लागते. सिंधुदुर्गातली रापण पाहिली तर तिच्यात ही सोय बांधलेलीच आहे. सगळ्यांनी मिळून जाळे ओढायचे आणि पकडीचे वाटे पाडायचे, म्हणजे एका वाईट दिवसाचा भार कुणा एकाच्या घरावर पडत नाही. मला अधिक चिंतेचे वाटते ते दुसरेच. 2017 मध्ये केंद्र सरकारने भारताच्या सागरी क्षेत्रात एलईडी दिव्यांच्या झोतावर मासे गोळा करून धरायला बंदी घातली, कारण त्या झोतापुढे बाकीच्यांच्या जाळ्यात काही उरत नाही. दर्याचे पाणी वाचता येणाऱ्याचे जाळे जेव्हा अशा कारणाने रिकामे येते, तेव्हा त्या रिकामेपणातून त्याला काहीच शिकता येत नाही. अंदाज आणि निकाल यांच्यातला धागाच तुटतो. यंत्रासमोर बसलेल्या जुगाऱ्याची अवस्था जाणत्या तांडेलावर लादली जाते, आणि पैशांच्या भरपाईत हे नुकसान मोजले जात नाही.

तिसऱ्या आक्षेपाला माझ्यापाशी पुरते उत्तर नाही. तो माशाचा आहे. लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये ट्राउटच्या तोंडावर वेदना टिपणाऱ्या चेता शोधल्या. ओठात आम्ल टोचलेले मासे तळाच्या खड्यांवर तोंड घासत आणि बराच काळ खायला येत नसत. माशाला हे आपल्यासारखे जाणवते का, यावर शास्त्रज्ञांचे एकमत नाही. पण शंकेचा फायदा माशाला मिळावा. काटे नसलेली गरी वापरणे आणि सोडायचा मासा पाण्याबाहेर कमीत कमी वेळ ठेवणे, एवढे तरी हातात आहे. शिवाय पकड वाढते तसे समाधान वाढते खरे, पण त्याची वाढ मंदावत जाते. पहिल्या माशाने जे मिळते ते दहाव्याने मिळत नाही, तो गळ मात्र दहाव्या माशालाही पहिल्याइतकाच लागतो.

कावेरीच्या त्या वह्यांत आणखी एक गोष्ट दडलेली होती. नोंदीत दोन प्रकारचे महसीर होते. एक निळ्या परांचा, साइक्स या निसर्गअभ्यासकाने 1839 मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून शास्त्राला ओळख करून दिलेला. लोणावळ्याच्या उबवणी केंद्रात त्याची पैदास होऊ लागली आणि तिथली बोटुकली कावेरीतही सोडली गेली. दुसरा कावेरीचा स्वतःचा, पाठीवर उंचवटा असलेला, प्रचंड वाढणारा. वर्षागणिक निळ्या परांचे मासे अधिक लागत गेले आणि सरासरी वजन घटत गेले. उंचवट्याचे मासे कमी कमी लागत गेले, पण जे लागले ते अधिकाधिक मोठे. म्हातारे उरले होते, पिल्ले येत नव्हती. 2018 मध्ये या माशाची शास्त्रीय ओळख निश्चित झाली आणि तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला. गालिबोरची ही मासेमारी आता बंद आहे. नदी ढासळते आहे हे त्या वह्यांतून कळू शकले, कारण त्यांत नुसते मासे नव्हते, काही न लागलेले तासही लिहिलेले होते. तासाला किती मासे, हा भागाकार त्या तासांशिवाय झालाच नसता.