मायन्यात न बसणारे नाते

मुलाच्या लग्नाआधी आईने त्याला पत्र लिहावे, अशी आपल्याकडे काही रूढी नाही. लेकीला पाठवणीच्या वेळी चार शब्द सांगण्याची आहे. मुलगा काय, घरीच राहणार. त्याला निराळे काय लिहायचे, अशी समजूत. आता मात्र मुलगेही नोकरीच्या निमित्ताने दूर गावी राहतात आणि स्वतःच्या लग्नाला पाहुण्यांसारखे चार दिवस आधी येतात. ज्या घरात एखादी गोष्ट वर्षानुवर्षे बोलायची राहून गेली आहे, त्या घरात ती मांडवातल्या गडबडीत बोलणे तर अशक्यच. निवांत कोपरा मिळत नाही, आणि मिळालाच तर कंठ साथ देत नाही. अशा वेळी पत्रासारखे साधन नाही.

२०२४ सालच्या मार्गशीर्षात माझ्या मुलाचे लग्न झाले. माझा मुलगा म्हणजे माझा सावत्र मुलगा. हा शब्द मी येथे मुद्दाम लिहिला आहे, कारण त्याला लिहायला घेतलेले पत्र पुष्कळ दिवस त्या एका शब्दापाशीच अडून बसले होते.

आपल्या जुन्या पत्रलेखनात प्रत्येक नात्याला जागा आखून दिलेली आहे. जन्मदात्या आईवडिलांना 'तीर्थरूप', त्यांच्यासारख्याच इतर वडीलधाऱ्यांना 'तीर्थस्वरूप', धाकट्यांना 'चिरंजीव', होऊ घातलेल्या सुनेला 'चि. सौ. कां.'. माझ्या सासूबाईंनी हे सारे मायने नातवाकडून पाटीवर गिरवून घेतले होते. पुढे २०१० साली तो अकरावीसाठी पुण्याला गेला. दूरध्वनी होताच, पण महिन्याकाठी एक पत्र आलेच पाहिजे, असा आमच्या यजमानांचा शिरस्ता होता. पहिल्या पत्राच्या वरच्या ओळीत होते, 'तीर्थरूप बाबांस', आणि खाली माझ्यासाठी निराळा मजकूर, 'तीर्थस्वरूप चिक्कम्मास'. आजीने शिकवल्याप्रमाणे ते अगदी बिनचूक होते. बिनचूक होते म्हणूनच ते लागले.

'चिक्कम्मा' या शब्दाची हकीकत सांगितली पाहिजे. आम्ही धारवाडचे. २००१ साली मी या घरात आले तेव्हा मुलगा सात वर्षांचा होता. त्याची आई जाऊन दोन वर्षे झाली होती. मला काय म्हणायचे, हा प्रश्न त्याने सोडवला नाही, टाळला. काही हवे असले की तो माझ्यासमोर येऊन नुसता उभा राही. शेजारच्या कन्नड अज्जींच्या हे ध्यानात आले. त्यांनी त्याला जवळ घेऊन सांगितले, "चिक्कम्मा म्हण रे." कन्नडात 'चिक्क' म्हणजे लहान आणि 'अम्मा' म्हणजे आई. मावशीलाही चिक्कम्मा म्हणतात, धाकट्या काकूलाही आणि वडिलांच्या दुसऱ्या पत्नीलाही. तमिळ घरांत 'चित्ती' हा शब्द असाच सर्वांना सामावून घेतो. मुलाला तो शब्द चटकन सापडला. बहुधा त्याला हवा होता तेवढाच तो मोठा होता.

आमच्या मराठीत अशी सोय नाही. 'सवत' हा शब्द संस्कृत 'सपत्नी'वरून आला आणि 'सावत्र' त्याच कुळातला. हिंदीतली 'सौतेली माँ' आणि तेलुगूतली 'सवति तल्ली' याही त्याच घरच्या. म्हणजे एका बाईचे एका मुलाशी असलेले नाते सांगताना आपली भाषा तिचे त्याच्या आईशी असलेले वैर सांगते. आणि ती आई तर बहुधा या जगात नसते! वर्तमानपत्रांतही कोणा जिल्ह्यावर अन्याय झाला की त्याला 'सापत्न वागणूक' मिळते. (कन्नडातही 'मलतायि' हा शब्द अशाच कामी येतो, तेव्हा अज्जींच्या भाषेची फार स्तुती करण्यात अर्थ नाही.) कीर्तनात ध्रुवाला मांडीवरून उतरवणारी सुरुची सर्वांना ठाऊक असते. रामाने मात्र वनात जाताना आणि परत आल्यावरही कैकेयीला आईच म्हटले, हे कथेकरी तितक्या रंगून सांगत नाहीत.

तसे खरोखरीच्या घरांतले चित्र निराळेही असू शकते. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई १८९१ साली वारल्या, तेव्हा त्यांचा मुलगा रघुनाथ नऊ वर्षांचा होता. १८९३ मध्ये कर्व्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. विधवेशी विवाह केला म्हणून समाजाने त्या घरावर टाकलेल्या बहिष्काराबद्दल आपण पुष्कळ वाचतो. बाया कर्वे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या बाईंचे 'माझे पुराण' हे आत्मचरित्रही १९४४ पासून आपल्यापुढे आहे. पण 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवणारे र. धों. कर्वे यांचे नाव घेताना त्यांना सावत्र आई होती, हे कितीजणांच्या मनात येते?

आता पाटल्यांविषयी. माझ्या लग्नात माझ्या हातांत चार पाटल्या घातल्या, त्या मुलाच्या आईच्या होत्या. बिजवराच्या घरात यात कोणाला वावगे वाटले नाही. काही घरांत पूर्वी याच्याही पुढे जात. नव्या पत्नीच्या गळ्यात पहिलीचा टाक बांधीत. गेलेलीची नव्या संसारावर दृष्ट नको, तिला मान मिळावा, अशी त्यामागची भावना. पण हे सारे मोठ्यांच्या समाधानासाठी चाले. मुलाच्या डोळ्यांना काय दिसेल, याचा विचार कोणी केला नव्हता. मीही केला नव्हता. लग्नानंतर चौथ्या दिवशी मी पानावर वाढत होते. भाताच्या मुदीवर वरण घालताना माझा हात त्याच्यासमोर गेला. त्याने हाताकडे पाहिले, मग माझ्या तोंडाकडे, आणि भरल्या पानावरून उठून तो परसात गेला. कोणी त्याला रागावलेही नाही. त्या रात्री मी पाटल्या काढून बिस्किटांच्या एका रिकाम्या डब्यात ठेवल्या. पुन्हा घातल्या नाहीत. आणि का काढल्या, हे कोणाला सांगितलेही नाही.

लग्न ठरल्यावर त्या पाटल्या सुनेला द्यायच्या, हे उघडच होते. कायद्याने पाहिले तरी, इच्छापत्र न करता गेलेल्या हिंदू स्त्रीची मालमत्ता प्रथम मुलांकडे व पतीकडे जाते. तेव्हा त्यांतला वाटा मुलाचा होताच. पण नुसता डबा हातात देणे म्हणजे ठेव परत करणे. काहीतरी लिहायला हवे होते.

पहिला मसुदा चार पाने झाला. त्याच्या गोवराच्या रात्री, दहावीच्या पहाटे, पुण्याला पाठवताना गहाण टाकलेली माझी साखळी. दुसऱ्या दिवशी वाचून पाहिले, तर ते पत्र नव्हतेच, उधारीची वही होती. फाडून टाकले. दुसऱ्या मसुद्यात नुसता उपदेश होता. तो कोणीही लिहू शकले असते. तिसरा मला स्वतःला फार आवडला होता, कारण त्याची सुरुवात 'आज तुझी आई असती तर ती म्हणाली असती' अशी होती. यजमानांनी तो वाचला आणि एवढेच म्हणाले, "ती असे बोलत नसे." मी ज्या बाईला पाहिलेसुद्धा नाही, तिच्या तोंडी माझी वाक्ये घालायला निघाले होते! मला वाटते, अशा पत्रात सर्वांत मोठा मोह हाच असतो. गेलेल्या आईला एक तर वगळायचे, नाही तर आपल्या बाजूने साक्षीला उभे करायचे.

मध्यंतरी एका वकील स्नेह्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमात स्त्रीच्या वारसांत 'पुत्र' प्रथम येतात, पण त्या शब्दात सावत्र मुलगा येत नाही. तो पतीचा वारस म्हणून मागाहून येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली स्पष्ट केले आहे. उलट ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाविषयीच्या २००७ च्या अधिनियमात 'आई-वडील' या शब्दाच्या व्याख्येत सावत्र आई उघड उघड आहे. मला पोटची मुलगीही आहे. तेव्हा मी काही न लिहिता गेले, तर माझे जे असेल ते तिला आणि यजमानांना मिळेल, मुलाला नाही. पण म्हातारपणी पोटगी मागायची वेळ आली, तर कायद्याने मी त्याची आई! हसावे की काय करावे, कळेना. मी रीतसर इच्छापत्र केले, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, आणि पत्रात त्याचा उल्लेखही केला नाही. देण्याघेण्याची भाषा लग्नाच्या पत्रात नसावी.

शेवटी जे लिहिले गेले ते असे :

"चि. बाळ यास अनेक आशीर्वाद.

परवा तुझे लग्न. सोबतच्या डब्यात चार पाटल्या आहेत. त्या तुझ्या आईच्या. मी नवी होते, त्या माझ्या हातांत घातल्या तेव्हा त्या कोणाच्या हे मला ठाऊक होते, आणि मला त्या आवडल्याही होत्या. तू पानावरून उठलास ते मी पाहिले. मी त्या काढून ठेवल्या, पण तुझ्यापाशी कधी काही बोलले नाही. सात वर्षांच्या मुलाचीही क्षमा मागायची असते, हे मला तेव्हा सुचले नाही. आज मागते.

डब्याखाली एक वही आहे. ती तुझ्या आईची, स्वयंपाकघरातली. लिंबाच्या लोणच्याच्या कृतीपुढे तिने लिहिले आहे, 'बाळला तिखट नको, गूळ जास्त.' दुसऱ्या एका पानावर, 'बाळला ताक रात्री देऊ नये, खोकला होतो.' तू माझ्याशी बोलत नव्हतास तेव्हा मी तुला त्या वहीतून ओळखले. पहिली दोन वर्षे तुझे जेवणखाण तिच्याच सांगण्यावरून झाले, हे तुला माहीत नाही. वही तुला आधीच द्यायला हवी होती. मला ती लागत होती.

तू मला काय म्हणावेस हे मी तुझ्यावर सोपवले आहे, असे मी सर्वांना सांगत आले. ते पुरते खरे नव्हते. मी पुष्कळ वर्षे वाट पाहिली. आता पाहत नाही. चिक्कम्मा ही हाक मी तेवीस वर्षे ऐकली आहे, आणि दारात ती ऐकू आली की अजून हातातले काम टाकून मी उठते.

तुझ्या आईची तसबीर देवघरात ठेवण्याविषयी बाबांशी बोलले आहे. सूनबाईला घेऊन आधी तिच्यापुढे नमस्कार करा. मग माझ्याकडे या. सूनमुख मी पाहीनच. तो हक्क मी सोडणार नाही.

कळावे.

चिक्कम्मा"

हे पत्र मी हाताने लिहिले. ते फोनवर पाठवता आले असते, पण मग लग्नाच्या शुभेच्छांच्या गर्दीत तेही एक झाले असते. लग्नाच्या दिवशी मात्र असे पत्र देऊ नये. त्या दिवशी मुलाला रडायला जागा नसते. मी दोन रात्री आधी दिले, पाहुणे झोपल्यावर. तो डबा, वही आणि पत्र घेऊन माडीवर गेला. माडीवरचा दिवा उशिरापर्यंत जळत होता. सकाळी तो स्वयंपाकघरात आला, चहा घेतला, आणि मांडववाल्याचे किती पैसे द्यायचे राहिले ते विचारून निघून गेला. मी काही विचारले नाही. लग्नात सुनेच्या हातांत हिरव्या चुड्याच्या मागेपुढे त्या पाटल्या होत्या. सासूबाईंनी त्या ओळखल्या, हात लावून पाहिल्या आणि पदर डोळ्यांना लावला.

महिन्याभराने पुण्याहून पत्र आले. आता शिरस्ता चालवणारे कोणी नसताना आले. नवे घर तिसऱ्या मजल्यावर आहे, पाणी दोन वेळा येते, सुनेने वहीवरून लोणचे घातले ते थोडे कडू झाले, असा सारा मजकूर. शेवटी विचारले होते, की पाटल्या हिला सैल होतात, तर सोनाराकडे देऊन लहान करून घ्याव्यात का, की आईच्या मापाच्या तशाच राहू द्याव्यात? तुला काय वाटते? मायन्यात लिहिले होते, 'ती. चिक्कम्मास'. 'ती.' पुढे दुसरे अक्षर नव्हते.

मी उलट टपाली कळवले, की पाटल्या आता तिच्या आहेत, तिलाच विचार. आणि लोणच्यासाठी लिंबे पातळ सालीची घ्या, म्हणजे कडू होणार नाही.