पाण्यावरून उठणारे, कागदावरच राहिलेले विमान

मुंबई ते जेद्दा हा विमानप्रवास पाच-साडेपाच तासांचा. पण सेनगावच्या हाजींना मुंबईच्या हज हाऊसपर्यंत पोचायलाच अख्खी रात्र लागते. आधी हिंगोली, मग रेल्वे किंवा ट्रॅव्हल्स. आजारी माणसाला नांदेडला न्यायचे म्हटले तरी घरच्यांचा जीव रस्ताभर टांगणीला. त्यामुळे ‘आपल्याकडे विमान का उतरत नाही?’ हा शाळेतल्या मुलांचा प्रश्न मला वेडगळ वाटत नाही.

पहिली अडचण धावपट्टीची. 2017 मध्ये उडान योजनेतून नांदेड-हैदराबाद मार्गावर ए.टी.आर. 72 जातीचे विमान सुरू झाले. त्याला उठायला सुमारे 1300 मीटर पट्टी लागते. तालुक्याच्या गावाला एवढी जमीन, कुंपण आणि अग्निशमनाची सोय कोण देणार? म्हणजे थोड्या जागेत उठणारे विमान हवे. या विद्येत फार पुढे गेले ते जपानी, आणि तेही समुद्रावर उतरणारी विमाने बनवता बनवता.

पाणी विमानाच्या पोटाला धरून ठेवते आणि वेगाने लाटेवर आदळले तर तळाला इजा होते. तेव्हा विमान कमी वेगातच उठले पाहिजे. पण वेग कमी झाला की पंखावरून वाहणारी हवा पंख सोडते आणि विमान खाली येऊ लागते. शिन मेवा कंपनीने 1967 मध्ये उडवलेल्या पी.एस.-1 मध्ये यावर तोड काढली. चार इंजिनांखेरीज आणखी एक इंजिन बसवले. ते विमानाला पुढे ढकलत नाही, फक्त दाबलेली हवा पंखाच्या मागच्या झडपांवर फुंकते. त्या फुंकरीने वाहती हवा पंखाला धरून राहते. याच घराण्यातले आजचे यू.एस.-2 पाण्यावरून 280 मीटरच्या आसपास उठते. 2013 मध्ये भर समुद्रात नाव बुडालेल्या एका अंध खलाशाला आणि त्याच्या साथीदाराला याच विमानाने उचलून आणले.

हीच विद्या प्रवाशांसाठी वापरायचे कंपनीच्या मनात होते. 1977 मध्ये तिच्याकडे 40 प्रवाशांच्या, जमीन आणि पाणी दोन्हींवर उतरणाऱ्या, बेटाबेटांत ये-जा करणाऱ्या विमानाचा आराखडा होता. सोबत 1200 प्रवाशांच्या तीन मजली विमानाचाही होता! तो सोडून द्या. पण 40 जणांचे ते विमानही बनले नाही, याचे मला वाईट वाटते.

माझ्या मते कारण हिशेबाचे आहे. जादा इंजिनाचे इंधन, खारट पाण्यापासून यंत्राची जपणूक, आणि मोजकीच विमाने बनल्याने न उतरणारी किंमत. जीव वाचवायचा असतो तेव्हा सरकार हा खर्च सोसते. रोजच्या तिकिटातून तो निघत नाही.

आपल्याकडेही अनुभव वेगळा नाही. 2014 मध्ये जुहूहून पवना धरणाकडे छोटे जलविमान सुरू झाले, ते टिकले नाही. डिसेंबर 2017 मध्ये गिरगाव चौपाटीवर चाचणी झाली, पुढे काही नाही. 31 ऑक्टोबर 2020 ला सुरू झालेली साबरमती-केवडिया सेवा दुसऱ्याच वर्षी थांबली.

मुले शेजारच्या येलदरी धरणाकडे बोट दाखवतात. पाणी आहे, खरे. पण उन्हाळ्यात ते मागे सरते. धक्का कुठे बांधायचा? आणि रोज तिकीट काढणारे किती?

मला जास्त भरवसा वाटतो तो डॉर्नियर 228 वर. हे छोटे विमान कानपूरला हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये बनते. एप्रिल 2022 पासून ते अरुणाचलमधल्या पासीघाटला प्रवासी नेऊ लागले. त्याला एक किलोमीटरच्या आतली पट्टी पुरते. हिंगोली जिल्ह्याने मागणी करायची तर आधी अशा पट्टीची करावी, आणि तिच्यावर पहिला हक्क रुग्णाचा असावा.