ओळंबा कशावर टेकला?

निघोजच्या रांजणखळग्यांची नुसती सहल होणार की अभ्यास, हे आदल्या पाहणीतच ठरतं. कुकडीचं पात्र, अलीकडे पारनेर तालुका, पलीकडे पुणे जिल्ह्यातलं टाकळी हाजी. पुराच्या भोवऱ्यात सापडलेले गोटे बसाल्टला घासत राहिले आणि हे रांजणखळगे कोरले गेले, एवढं मुलं वाचून आलेली असतात.

त्यापुढे काय करायचं हे ठरवायला मुलांच्या आधी आम्ही शिक्षक जाऊन येतो. वर माणिकडोह, येडगाव ही धरणं. नदीत पाणी सोडणार आहेत का, हे पाटबंधारे खात्यात विचारल्याशिवाय तारीख पक्की करत नाही. संमतिपत्रं, बस, डबे ही कामं उरकतात. डोकं खातो तो मुलांनी तिथे शोधायचा प्रश्न. 'खळगे कसे तयार झाले?' हा एका दिवसात टेपने सुटत नाही. 'रुंद खळगा खोलही असतो का?' हा मोजता येतो.

खोलीसाठी गवंड्याचा ओळंबा आणि नायलॉनची दोरी. सुती दोरी भिजली की आटते. दर दहा सेंटिमीटरला ऑइलपेंटचा पट्टा. एकाने आकडा सांगायचा, दुसऱ्याने तो मोठ्याने परत म्हणूनच लिहायचा, कारण पाण्याच्या आवाजात 'साठ'चा 'आठ' होतो. मोकळं सोडलं तर पोरं देखण्या, गोल खळग्यांवरच तुटून पडतात. त्यामुळे पात्रात दोरी ताणून दर पाच मीटरवर जो सर्वांत जवळ असेल तोच खळगा घ्यायचा, मग तो कितीही वेडावाकडा असो. पाण्याने भरलेल्या खळग्यात ओळंबा शिक्षकच सोडणार. काठ निसरडे असतात, तिथे सवलत नाही.

एकदा एका मुलीने कोरड्या, अंधाऱ्या खळग्यात ओळंबा सोडला, वर घेतला, पुन्हा सोडला आणि कान देऊन ऐकलं.

"सर, हा खडकावर नाही टेकला, गोट्यांवर टेकलाय. मग खोली कुणाची लिहू?"

सगळा गट थांबला. तळाशी गोट्यांचा थर असेल, तर दोरीवर दिसते ती खळग्याची पूर्ण खोली नव्हेच! तिथल्या तिथे तक्त्यात नवा रकाना आखला: खडक, गोटे, गाळ. असा प्रश्न मुलांकडून आला की दिवसभराच्या उन्हाचं सार्थक होतं.

परतताना बसमध्ये वाद रंगला. गोटेवाल्या नोंदी आलेखातून काढाव्यात, असं निम्म्यांचं म्हणणं. मी त्या ठेवायला लावल्या, फक्त वेगळ्या रंगात. त्या ठिपक्यांखाली त्याच मुलीने स्वतः लिहिलं, 'किमान खोली'.